गाडीचं वय की गाडीची तब्येत?

जुन्या गाड्यांचं काय करायचं, यावर कोर्टापासून पेट्रोल पंपापर्यंत वाद सुरू आहे. या वादात एका साक्षीदाराला मात्र कुणी फारसं विचारत नाही. तो म्हणजे खुद्द गाडीतला कॉम्प्युटर. त्याची साक्ष वाचायची कशी आणि ती वाचायचा हक्क कुणाला?

१ जुलै २०२५ ला दिल्लीत एक अजब नियम लागू झाला. पेट्रोल पंपावरचा कॅमेरा गाडीची नंबर प्लेट वाचणार आणि डिझेल गाडी १० वर्षांपेक्षा किंवा पेट्रोल गाडी १५ वर्षांपेक्षा जुनी निघाली तर तिला इंधन मिळणार नाही. लोकांनी एवढा आरडाओरडा केला की आठवडाभरातच हा नियम गुंडाळून ठेवावा लागला. मग १२ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, केवळ वय झालं म्हणून गाडीमालकावर सक्तीची कारवाई करू नका. डिसेंबरमध्ये न्यायालयाने त्यात दुरुस्ती केली. हे संरक्षण फक्त बीएस-४ आणि त्यानंतरच्या गाड्यांना, त्याआधीच्या गाड्यांवर कारवाई करायला हरकत नाही.

१० आणि १५ वर्षांचा हा हिशोब नवा नाही. राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१४-१५ च्या आदेशांपासून तो चालत आलाय आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो उचलून धरला होता. दिल्लीतली ही भांडणं आपल्याला काय कामाची, असं वाटू शकतं. पण वयाचा नियम आपल्याकडेही आहे. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली ती २० वर्षांच्या मर्यादेमुळेच. खासगी गाडीला १५ वर्षं झाली की आरटीओत फेरनोंदणीसाठी रांग लावावी लागते. आणि कॉलेजात असताना आपल्यातल्या बहुतेकांच्या हातात येणारी पहिली गाडी कुठली? बाबांची जुनी, काकांनी ‘घे वापरायला’ म्हणून दिलेली, नाहीतर सेकंडहँड घेतलेली. म्हणजे या वादाचे खरे गिऱ्हाईक आपणच आहोत.

बोलणाऱ्या गाड्या

न्यायालयाने बीएस-४ वर रेघ मारली, त्यात एक गंमत दडलीय. बीएस-४ मानकं एप्रिल २०१० मध्ये देशातल्या १३ शहरांत आली. त्यात मुंबई, पुणे आणि चक्क सोलापूरही होतं. २०१७ पासून ती देशभर लागू झाली. याच टप्प्यात गाड्यांना ‘ओबीडी’ सक्तीचं झालं. ओबीडी म्हणजे गाडीनेच स्वतःची तपासणी करत राहायची आणि काही बिघडलं की डॅशबोर्डवर पिवळा दिवा लावायचा. पहिला टप्पा २०१० ला, तर ओबीडी-२ हा जास्त कडक टप्पा एप्रिल २०१३ ला आला. अमेरिकेत हेच ओबीडी-२ १९९६ च्या मॉडेलपासून सक्तीचं आहे.

आधीच्या बऱ्याच गाड्यांतही इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू होता. पण ठराविक भाषेत, कुठल्याही स्कॅनरला कळेल असं बोलायची सक्ती त्याच्यावर नव्हती. म्हणजे ढोबळ मानाने न्यायालयाची रेघ मुक्या आणि बोलणाऱ्या गाड्यांमधूनच जाते. आता प्रश्न असा की, गाडी बोलू शकते, तर तिचं वय विचारण्याऐवजी तिची तब्येतच का विचारू नये?

उत्तर वाटतं तितकं सोपं नाही. कारण गाडी बोलते ते नीट ऐकणारे फार कमी आहेत.

कोड म्हणजे निदान नव्हे

स्टिअरिंगच्या खाली १६ पिनांचं एक सॉकेट असतं. त्यात स्कॅनर लावला की एक इंग्रजी अक्षर आणि चार आकडे मिळतात. अक्षर ‘पी’ असेल तर तक्रार इंजिन-गिअरबॉक्सची, ‘बी’ असेल तर बॉडीची, ‘सी’ असेल तर ब्रेक-सस्पेन्शनची आणि ‘यू’ असेल तर गाडीतल्या कॉम्प्युटरांच्या आपसातल्या बोलण्याची. पुढचा आकडा शून्य असेल तर बहुतेक वेळा तो सगळ्या कंपन्यांना सारखा असणारा कोड, एक असेल तर त्या कंपनीचा खास. तिसऱ्या जागेवरून विभाग कळतो. १ म्हणजे इंधन आणि हवा, ३ म्हणजे इग्निशन आणि मिसफायर.

इथपर्यंत सोपं आहे. गडबड होते ती पुढे. समजा कोड आला पी-०३४०. नेटवर शोधलं तर अर्थ मिळतो ‘कॅमशाफ्ट पोझिशन सेन्सर सर्किट’. लगेच कॅम सेन्सर बदलला जातो. दोन दिवसांनी दिवा पुन्हा लागतो. मग क्रँक सेन्सर बदलला जातो. मग कुणीतरी सांगतं, ‘ईसीयूच गेला असणार.’ खिसा रिकामा, दिवा तसाच.

चूक कुठे झाली? कोडमध्ये ‘सर्किट’ असा शब्द होता. सर्किट म्हणजे सेन्सर, त्याची वायर, कनेक्टर, त्याला येणारा व्होल्टेज, अर्थिंग आणि ईसीयूची पिन, हे सगळं. कॉम्प्युटरचं म्हणणं एवढंच असतं की, ‘या वाटेने मला हवा तसा सिग्नल येत नाहीये.’ उंदराने वायर कुरतडलीय की कनेक्टरमध्ये पावसाचं पाणी गेलंय, हे त्याला दिसत नाही. ताप आला हे थर्मामीटर सांगतो. मलेरिया की टायफॉइड, ते शोधायला रक्त तपासावं लागतं. तसंच हे आहे.

टायमिंगचं गणित

कोड आणि निदान यांतला फरक सगळ्यात जास्त महागात पडतो तो इंजिनाच्या टायमिंगमध्ये. म्हणून ते जरा सावकाश बघू.

इंजिनात खाली क्रँकशाफ्ट असतो, तो पिस्टन वर-खाली करतो. वर कॅमशाफ्ट असतो, तो व्हॉल्व्ह उघडतो आणि मिटतो. क्रँक दोनदा फिरतो तेव्हा कॅम एकदाच फिरला पाहिजे, तोही अगदी ठरलेल्या कोनात. या दोघांना बांधून ठेवते ती टायमिंग बेल्ट किंवा टायमिंग चेन.

पद्मिनी आणि ॲम्बेसिडरच्या जमान्यात ठिणगीचं टायमिंग मिस्त्री डिस्ट्रिब्युटर हलवून, कानाने ऐकून, फार तर टायमिंग लाइट लावून जुळवायचा. आता ते काम ईसीयू करतो. त्यासाठी क्रँकवर दात्यांचं एक चाक असतं. एक नेहमीची पद्धत म्हणजे ६० दात्यांची जागा, त्यातले दोन दाते मुद्दाम गाळलेले. प्रत्येक दाता म्हणजे ६ अंश. सेन्सर दाते मोजत राहतो आणि मोकळी जागा आली की ईसीयूला कळतं, क्रँक नेमका कुठे आहे. पण पिस्टन वर आला तो ठिणगीसाठी की धूर बाहेर टाकायला, हे एकट्या क्रँकवरून कळत नाही. ते कॅम सेन्सर सांगतो. दोघांची उत्तरं ईसीयू सतत ताडून बघतो. दोघांमध्ये ठरल्यापेक्षा जास्त अंशांचा फरक पडला की कोड येतो पी-००१६, म्हणजे क्रँक आणि कॅम यांचा मेळ बसत नाहीये.

आता कारणं मोजा. चेन झिजून लांबली असेल. बेल्टने एखादा दाता सोडला असेल. चेन ताणून धरणारा टेन्शनर ढिला पडला असेल. बऱ्याच इंजिनांत हा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो, म्हणजे ऑइल कमी किंवा जुनं झालं तरी हाच कोड येऊ शकतो. कॅमचा कोन मागेपुढे करणारी यंत्रणा असेल तर तिचा व्हॉल्व्ह गाळाने अडकला असेल. दात्यांचं चाक वाकलं असेल. आणि हो, सेन्सरही खराब असू शकतो. एकाच कोडची ही सात कारणं. यातलं एक नुसतं ऑइल बदलून सुटू शकतं, तर दुसरं वेळेत पकडलं नाही तर इंजिन संपवू शकतं. कारण बऱ्याच इंजिनांत टायमिंग सुटलं की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आपटतो. मग हेड उतरवण्यावाचून गत्यंतर नसतं.

याचं घरचं उदाहरण म्हणजे फियाटचं १.३ लिटर मल्टिजेट डिझेल इंजिन. पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यात ते बनायचं आणि परवान्यावर मारुतीही ते बनवायची. स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा, पुंटो, सगळ्यांत हेच. इतकं की गाडीवेड्यांनी त्याला ‘राष्ट्रीय इंजिन’ असं नाव ठेवलं होतं. मारुतीने २०२० मध्ये डिझेल बंद केलं, पण या गाड्या आजही गावोगावी धावताहेत आणि सेकंडहँड बाजारात हातोहात विकल्या जातात. या इंजिनात बेल्ट नाही, चेन आहे. ‘चेन म्हणजे आयुष्यभर बघायला नको’ अशा समजुतीत ऑइल वेळेवर न बदललेल्या गाडीत चेन झिजते. सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर पहिले काही सेकंद साखळी खडखडल्यासारखा आवाज येत असेल आणि जोडीला पी-००१६ असेल, तर सेन्सरच्या दुकानात जाण्याआधी ऑइलची काठी काढून बघा.

उलट उदाहरणही घ्या. गाडी गरम झाली की अचानक बंद पडते, अर्ध्या तासाने जणू काही झालंच नाही अशी सुरू होते. हे क्रँक सेन्सर तापून दगा देत असल्याचं नेहमीचं लक्षण आहे. कोड बहुधा पी-०३३५ असतो, कधी तर कोडच नसतो. अशा वेळी गाडी बंद पडल्या पडल्या स्कॅनर लावायचा आणि सेल्फ मारताना आरपीएमचा आकडा बघायचा. इंजिन फिरतंय आणि आकडा शून्य, म्हणजे क्रँकचा सिग्नल ईसीयूपर्यंत पोचत नाहीये. मग वायर तपासायची आणि वायर ठीक असेल तर सेन्सर. ही झाली तपासणी. ‘आधी हे बदलून बघू, मग ते बदलून बघू’ हा झाला जुगार, तोही गिऱ्हाइकाच्या पैशाने.

आता त्यात ई-२०

गेल्या वर्षभरात कट्ट्यावर सगळ्यात जास्त चघळला गेलेला गाडी-विषय म्हणजे पेट्रोलमधलं २० टक्के इथेनॉल. त्याचाही कोडशी संबंध आहे. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला सुमारे ९ किलोच. म्हणजे इथेनॉल मिसळलं की तेवढ्याच हवेला इंधन जास्त सोडावं लागतं. ऑक्सिजन सेन्सरचं ऐकून ईसीयू ही भर आपोआप घालतो. पण भर घालायला मर्यादा असते. ती ओलांडली की पी-०१७१ येतो, म्हणजे मिश्रणात हवा जास्त, इंधन कमी.

धडधाकट गाडी हा बदल पचवते. पण ज्या जुन्या गाडीत रबरी नळीला चीर पडून हवा आत ओढली जातेय, पंप थकलाय किंवा ऑक्सिजन सेन्सर मंदावलाय, ती आधीच काठावर असते. ई-२० तिला काठावरून ढकलू शकतं. मालक म्हणतो, ‘ई-२० ने गाडी बिघडवली.’ सरकार म्हणतं, ‘ॲव्हरेज किंचित कमी होईल, बाकी काही नाही.’ एकेका गाडीपुरतं खरं काय, ते ईसीयूमध्ये साठलेल्या आकड्यांत सापडू शकतं. पण आपण ते आकडे वाचत नाही, नुसते भांडत बसतो.

पीयूसी काय बघते?

मग सरकार तरी ते वाचतं का? आपल्या पीयूसी केंद्रात पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरमध्ये नळी घालून कार्बन मोनॉक्साइड वगैरे मोजतात, डिझेल गाडीच्या धुराचा काळेपणा मोजतात. १६ पिनांच्या सॉकेटला कुणी हात लावत नाही. डॅशबोर्डवर पिवळा दिवा जळत असतानाही गाडी ‘पास’ होऊ शकते. कॅलिफोर्नियात २००० आणि त्यानंतरच्या मॉडेलच्या पेट्रोल गाड्यांची तपासणी मुख्यतः त्या सॉकेटमधूनच होते.

पण म्हणून उद्यापासून कोड बघूनच गाड्या भंगारात काढा, असंही म्हणता येणार नाही. एक तर दिवा लागण्याचं कारण किरकोळ असू शकतं. पेट्रोलच्या टाकीचं झाकण नीट न लावल्यानेही काही गाड्यांत तो लागतो. दुसरं म्हणजे कोड पुसता येतात. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. बीएस-४ डिझेल कारला किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅम सूक्ष्मकण सोडायची मुभा होती, बीएस-६ ला ती ४.५ मिलिग्रॅम आहे. म्हणजे ठणठणीत तब्येतीची जुनी गाडीही नव्या गाडीइतकी स्वच्छ नसते. दिल्लीच्या हवेत श्वास घेणाऱ्याच्या बाजूने बघितलं तर वयाचा नियम अगदीच वेडगळ नाही. तपासायला सोपा आहे एवढंच. पण सोपा नियम न्याय्य असतोच असं नाही. ४० हजार किलोमीटर फिरलेली, वेळच्या वेळी सर्व्हिस झालेली गाडी आणि त्याच वर्षीची तीन लाख किलोमीटर रगडलेली गाडी यांना तो एकाच मापाने मोजतो. वयाची मर्यादा हवी असेल तर ठेवा, पण निदान बीएस-४ च्या पुढच्या गाड्यांची खरी तपासणी करून मग निर्णय घ्या, इतकी मागणी रास्त आहे.

चावी कुणाच्या हातात?

ही तपासणी करायची तर स्कॅनर आणि माहिती मिळायला हवी. इथेच दुसरा वाद येतो. साधे कोड कुठलाही स्कॅनर वाचतो. पण कंपनीचे खास कोड, वायरिंगचे नकाशे, नवा पार्ट ईसीयूला ‘ओळखायला’ लावायचं सॉफ्टवेअर हे बहुतेकदा कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरपुरतंच राहतं. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला अंदाजाने पार्ट बदलावे लागतात, त्यामागे हेही कारण आहे.

हे कोर्टकचेरीपर्यंत पोचलेलं प्रकरण आहे. २५ ऑगस्ट २०१४ ला भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून जास्त दंड ठोठावला. आरोप हाच होता की, सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजना मिळू न दिल्याने गिऱ्हाइकाला पर्याय उरत नाही. कंपन्यांनी आव्हान दिलं आणि प्रकरण पुढे अपिलांमध्ये अडकलं. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘राइट टू रिपेअर’साठी समिती नेमली आणि डिसेंबरमध्ये पोर्टल सुरू केलं. त्यात मोटारीही आहेत. पण पोर्टलवर माहिती टाकणं वेगळं आणि कायद्याने ती देणं भाग असणं वेगळं. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ मध्येच तसा कायदा केला. कंपन्यांचं म्हणणं असतं की, सगळं खुलं केलं तर गाडी हॅक होईल, चोऱ्या वाढतील. ही भीती खोटी नाही. पण त्यावर उपाय म्हणून नोंदणी केलेल्या गॅरेजना ठराविक माहिती देता येते. सगळ्यांनाच दार बंद करणं हा उपाय नव्हे.

तुम्ही काय करू शकता?

सेकंडहँड गाडी बघायला जाताना एक साधा ब्लूटूथ स्कॅनर आणि फोनवरचं ॲप सोबत ठेवा. चावी फिरवा, पण इंजिन सुरू करू नका. पिवळा दिवा लागलाच पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. मुळात लागतच नसेल तर कुणीतरी तो मुद्दाम बंद केला असू शकतो. ‘एकही कोड नाही’ हे ऐकून लगेच हुरळून जाऊ नका. ॲपमध्ये ‘रेडिनेस’ बघा. गाडी स्वतःच्या ज्या तपासण्या करते त्या पूर्ण झाल्यात का, ते तिथे दिसतं. बऱ्याचशा अपूर्ण असतील तर बॅटरी काढली गेलीय किंवा तुम्ही यायच्या आधी कोड पुसले गेलेत. मालकाला कारण विचारा, चार-पाच दिवस गाडी चालवून पुन्हा तपासू असं सांगा. त्याने टाळाटाळ केली तर तुम्हाला उत्तर मिळालं.

घरच्या गाडीला दिवा लागला तर कोड लिहून ठेवा, त्याबरोबर साठलेला ‘फ्रीझ फ्रेम’, म्हणजे बिघाडाच्या क्षणीचे आरपीएम, तापमान वगैरे आकडेही टिपून घ्या आणि मगच गॅरेज गाठा. दिवा नुसता लागून राहिला असेल तर जपून गॅरेजपर्यंत जाता येतं. मिचमिचत असेल तर गाडी जोरात मिसफायर करतेय, बाजूला घ्या. ‘सेन्सर बदलावा लागेल’ असं मेकॅनिक म्हणाला तर शांतपणे विचारा, ‘दादा, वायर आणि व्होल्टेज तपासलं का?’ चांगल्या मेकॅनिकला या प्रश्नाचा राग येत नाही.

आणि आयटीआयच्या मोटर व्हेइकल मेकॅनिक ट्रेडला किंवा ऑटोमोबाइल डिप्लोमाला असलेल्यांसाठी एक गोष्ट. इलेक्ट्रिक गाड्या आल्या की आपलं काय होणार, हा प्रश्न वर्गात सारखा येतो. ऑइल बदलणारे हात कमी लागतील, हे खरं. पण इलेक्ट्रिक गाडीही कोडच देते आणि तिथेही कोड जागा दाखवतो, कारण नाही. मल्टिमीटर आणि स्कोप घेऊन सिग्नलचा माग काढणारा माणूस दोन्हीकडे लागणार आहे. ज्या गाड्यांना आज वयावरून निकाली काढायची घाई चाललीय, त्याच गाड्यांवर हे कौशल्य सगळ्यात स्वस्तात शिकता येतं.